ओशन ग्रोव्हचे तंबू राहिले, साखळी कशासाठी?

मे महिना अर्ध्यावर आला की न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या ओशन ग्रोव्ह गावात ११४ तंबू उभे राहतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माणसं त्यात खरोखर संसार करतात. प्रत्येक तंबूच्या पाठीला एक लहानशी लाकडी खोली असते, तिच्यात स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणी. पुढचा भाग निव्वळ कापडाचा, खाली फळ्यांची जमीन, दाराशी चार कुंड्या आणि दोन खुर्च्या मावतील एवढी ओसरी. दोन तंबूंमध्ये अंतर इतकं कमी की रात्री शेजारचं कुणी कूस बदलली तरी कळावं. हंगाम संपला की कापड उतरवतात, झटकून वाळवतात, घडी करून त्याच मागच्या खोलीत ठेवतात आणि खोलीला कुलूप लावून आपापल्या गावी जातात. हे दीडशेपेक्षा जास्त वर्षं चाललं आहे. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उघड्यावरच्या उपासनेच्या मेळ्यासाठी, म्हणजे कॅम्प मीटिंगसाठी, वसवलेलं हे गाव.

आम्ही मध्य जर्सीत राहतो. ओशन ग्रोव्ह आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. आई भारतातून आली होती तेव्हा तिला समुद्र दाखवायला म्हणून तिकडे घेऊन गेलो आणि समुद्र राहिला बाजूला, ती तंबूंच्या गल्लीतच रमली. आई तरडगावची. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला येते, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. राहुट्या, खुंट्या, ताणाच्या दोऱ्या यांतलं तिला सगळं कळतं. एका ओसरीवर वयस्कर बाई बसल्या होत्या. आईने मला विचारायला लावलं, ‘पाऊस आला की भोवतीनं चर काढतात का?’ बाईंनी उठून आम्हाला फळ्यांच्या जमिनीखालची पोकळी दाखवली, पाणी तिथून निघून जातं म्हणाल्या. मग आजीबरोबर त्या याच तंबूत येत, तेव्हा कापडावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात झोप कशी लागायची, ते सांगत बसल्या. मी मध्ये दुभाषा. निघताना आईने त्यांच्या कापडाला हात लावून पाहिला, जाड आहे म्हणाली.

आई ख्रिस्ती नाही, मीही नाही. तरी मला या जागेबद्दल ठामपणे काही म्हणायचं आहे. हे मैदान टिकलं पाहिजे, आणि उपासनेचं मैदान म्हणूनच टिकलं पाहिजे. जुन्या घरांचं देखणं गाव एवढ्यावर ते येऊन थांबलं तर ते गेलंच म्हणायचं. पण ते तसं टिकायचं असेल तर रविवारी सकाळी समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवर टाकली जाणारी साखळी कायमची निघायला हवी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं तिथले अनेक जण मानतात. मला त्या एकच वाटतात.

कॅम्प मीटिंग हा प्रकार अमेरिकेत का रुजला हे आधी पाहावं लागेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटकी, टेनेसी या बाजूला वस्ती विरळ होती. चर्च लांब, पाळक कमी. मेथडिस्ट उपदेशक घोड्यावरून फिरत, महिना-दोन महिन्यांनी एका ठिकाणी पोचत. मग लोकच एका जागी यायला लागले. बैलगाडी नाहीतर घोडागाडी जुंपायची, चार-सहा दिवसांचा शिधा घ्यायचा, रानात मोकळ्या जागी मुक्काम टाकायचा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत उपदेश, प्रार्थना, गाणी. १८०१च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथे असा मेळा भरला. तेव्हा त्या राज्यातलं सगळ्यात मोठं गाव लेक्सिंग्टन, त्याची वस्ती दोन हजारही नव्हती. आणि केन रिजला जमलेल्यांचे अंदाज दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. लोक रडले, कोसळले, ओरडले, शुद्ध हरपून पडले. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असे वेगवेगळ्या पंथांचे उपदेशक एकाच वेळी वेगवेगळ्या ओट्यांवरून, ओंडक्यांवरून बोलत होते. तिथलं १७९१चं ओंडक्यांचं प्रार्थनाघर आजही आहे. ते पाऊसपाण्याने खराब होऊ नये म्हणून १९५७मध्ये त्याच्या भोवती आणि वर दगडी इमारत बांधली. आत गेलं की दगडी घराच्या पोटात लाकडी घर दिसतं. गुलामांनी बसण्यासाठी केलेला वरचा माळाही आत आहे. तो राखला हे फार बरं झालं, नाहीतर धर्मजागृतीच्या त्या मेळ्यातही कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं ही गोष्ट पुसली गेली असती.

केन रिजची ही जपणूक मनापासून केलेली आहे. पण तिथे जपलं गेलं ते घर. मेळा भरायचा तो घराबाहेर, झाडांखाली, आणि तो आता नाही. जागेची आठवण जपणं आणि जागेचा वापर जपणं यांतला फरक मला तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो.

ओशन ग्रोव्ह पुढच्या पिढीतलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, देश थकलेला होता, आणि मेथडिस्टांमध्ये पवित्र जीवनाची शिकवण देणारी एक चळवळ जोर धरत होती. १८६७मध्ये न्यू जर्सीतल्याच व्हाइनलंड इथे तिची पहिली राष्ट्रीय कॅम्प मीटिंग झाली. त्या वर्तुळातले पाळक विल्यम ऑस्बर्न यांनी समुद्रकाठी जागा शोधली. उत्तरेला आणि दक्षिणेला तळं, पूर्वेला समुद्र, वाळूच्या टेकड्या, पाइनची झाडी आणि डासांचा त्रास कमी. ३१ जुलै १८६९च्या रात्री एका तंबूत मेणबत्त्यांच्या उजेडात वीसेक माणसांची प्रार्थना झाली, तीच गावाची सुरुवात. दोन्ही तळ्यांना पुढे मेथडिस्ट पुढाऱ्यांची नावं दिली, वेस्ली आणि फ्लेचर. १८७०मध्ये कायदेशीर संस्था झाली, तिच्यात तेरा पाळक आणि तेरा साधे सभासद.

त्या संस्थेने रस्ते आखले तेव्हा एक गोष्ट अशी केली की मी दर वेळी तिथे थांबून पाहते. समुद्राकडे जाणारे रस्ते शेवटच्या दोन चौकांत हळूहळू रुंद होत जातात, नरसाळ्याच्या तोंडासारखे. समुद्राच्या जितकं जवळ, तितकं घर मागे सरकवून बांधायचं, असा नियम. त्यामुळे मागच्या घराच्या ओसरीवरूनही पाणी दिसतं आणि वारा आतपर्यंत येतो. पुढच्याने मागच्याचा वारा अडवायचा नाही, हे त्यांनी जमिनीवरच लिहून ठेवलं. त्या गावातला मला सगळ्यात आवडणारा धर्मोपदेश तोच.

आणि हे करता आलं, कारण जमीन संस्थेची होती. आजही आहे. घर विकत घ्या, ते तुमचं. पण घराखालची जमीन संस्थेची, तुमच्याकडे ९९ वर्षांचा, पुन्हा वाढवून मिळणारा भाडेपट्टा. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचं वेस्लियन ग्रोव्ह याच तत्त्वावर उभं आहे. १८३५मध्ये ओकच्या राईत नऊ तंबूंनी सुरू झालेलं ते मैदान. तिथे कापडाचे तंबू हळूहळू लाकडाचे झाले, पण लाकडी झाल्यावरही तंबूचा चेहरा त्यांनी सोडला नाही: अरुंद, टोकदार छपराची घरं, तंबूचा पडदा दोन्ही बाजूंना सारावा तशी समोर दुहेरी दारं, वर बोटभर गॅलरी आणि कडेने नक्षीची झालर. अशी तीनशेहून अधिक घरं शिल्लक आहेत, मध्ये १८७९चा लोखंडी मंडप आहे, आणि २००५मध्ये त्याला देशपातळीवरच्या ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिथेही घरं लोकांची, जमीन संस्थेची.

अमेरिकेत कॅम्प मीटिंगची मैदानं कितीतरी होती. जिथे प्लॉट पाडून विकले तिथे मैदान बहुतेकदा नाहीसं झालं. जिथे जमीन एकत्र राहिली तिथे ते तगलं. जुन्या वस्तीच्या जपणुकीबद्दल बोलताना आपण रंग, कठडे, खिडक्या यांवर बोलतो. मला वाटतं पहिला प्रश्न मालकीचा आहे. पालखीतळाची जागा गावाची असेल तर पालखी उतरते. तिचे गुंठे झाले की पुढच्या वर्षी विणेकऱ्याने उभं कुठे राहायचं?

ओशन ग्रोव्हच्या मधोमध ग्रेट ऑडिटोरियम आहे. १८९४मध्ये अवघ्या तीनेक महिन्यांत उभं केलेलं लाकडी सभागृह. छताला आधार पुलाला असतात तशा लोखंडी कमानींचा, त्यामुळे मधे खांबांची गर्दी नाही, आणि भिंतींना इतकी दारं-खिडक्या की सगळी उघडली की ते मोठ्या मांडवासारखं वाटतं. सहा हजारांवर माणूस बसतो. १९०८मध्ये बसवलेला ऑर्गन अजून वाजतो. त्याचा खालचा सूर लागला की बाकावर ठेवलेल्या हाताला कंप जाणवतो. लाकडी कमानदार छत आवाज असा परत देतं की ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचत असेल ते समजतं. २०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने याच छताचा काही भाग उडवला, समुद्रकाठची लाकडी पायवाट उखडली. दोन्ही पुन्हा उभी राहिली. पायवाटेसाठी केंद्र सरकारची आपत्ती मदत आधी नाकारली गेली, मग अपिलात मंजूर झाली. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे त्याची गरज लागेल.

आता साखळीकडे येते. शंभरेक वर्षं ओशन ग्रोव्हमध्ये रविवारी वाहन चालत नसे. शनिवारी मध्यरात्रीच्या आत गाड्या गावाबाहेर काढायच्या, वेशीवर साखळी लागायची. लोक तळ्यापलीकडच्या ॲसबरी पार्कमध्ये गाडी लावून पुलावरून चालत यायचे. त्या रविवारांबद्दल जुने रहिवासी बोलतात ते ऐकून मला हेवा वाटतो. मुलं रस्त्याच्या मधोमध खेळायची, दूरवरची भजनं ऐकू यायची. पण हा नियम करत होती धार्मिक संस्था, राज्याने तिला दिलेल्या अधिकारात. पोलीस तिचे, न्यायालय तिचं. १९७९मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारचे अधिकार धार्मिक संस्थेच्या हाती देता येत नाहीत. गावाचा कारभार नेपच्यून टाउनशिपकडे गेला आणि रविवारी गाड्या यायला लागल्या.

त्या निकालाने काहीतरी सुंदर गेलं हे मला मान्य आहे. तरीही निकाल बरोबर होता असं मी म्हणते. रविवारी गाड्या नकोत असं गावातल्या सगळ्यांना वाटत असेल तर ते मतदानाने ठरवता येतं, आणि तेव्हा ती शांतता देवळात जाणाऱ्याची आणि न जाणाऱ्याची दोघांची असते. संस्थेने हुकूम काढून लादलेली शांतता तशी नसते.

सत्तरच्या दशकात गाव खालावलं. जुनी हॉटेलं ओस पडली, बरीचशी राज्याच्या मनोरुग्णालयांतून बाहेर काढलेल्या रुग्णांची वसतिगृहं झाली, घरांचे रंग उडाले, ओसऱ्या खचल्या. १९७६मध्ये सगळ्या गावाची राष्ट्रीय वारसा नोंदणी झाली खरी, पण नोंदणीने छपरावरची कौलं बदलली जात नाहीत. नव्वदच्या दशकापासून ज्यांनी पडकी घरं विकत घेऊन एकेक कठडा पुन्हा कातून बसवला, त्यांच्यात समलिंगी जोडपी मोठ्या संख्येने होती. हे तिथे सर्वांना माहीत आहे. आणि २००७मध्ये त्यांच्यातल्या एका जोडप्याने समुद्रकाठच्या मंडपात आपला नोंदणीकृत जोडबंधनाचा (सिव्हिल युनियन, लग्नासारखं कायदेशीर नातं) सोहळा करायला परवानगी मागितली तेव्हा संस्थेने नकार दिला. तो मंडप सगळ्यांना खुला आहे असं सांगून संस्थेने त्याच्यावर करसवलत घेतलेली होती. राज्याने मंडपाची सवलत काढून घेतली आणि २०१२मध्ये न्यायाधीशांनी नकार हा भेदभाव ठरवला.

ज्यांच्या हातांनी गाव वाचलं त्यांना मंडप नाही, हे मला समजूच शकत नाही. संस्थेला आपल्या श्रद्धेप्रमाणे विवाहाचा विधी कुणाचा करायचा हे ठरवण्याचा हक्क आहे. चर्चमध्ये, ऑडिटोरियममध्ये तो हक्क कुणी हिरावू नये. पण ज्या ओट्यावर ‘सर्वांसाठी’ असं लिहून दिलं आणि त्याबद्दल जनतेच्या तिजोरीतून सूट घेतली, तिथे ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ नंतर बदलता येत नाही.

मग २०२३चा उन्हाळा. रविवारी सकाळपासून दुपारी बारापर्यंत समुद्रकिनारा बंद ठेवण्याची तिथली जुनी रीत होती. पायवाटेवरून वाळूत उतरायच्या वाटांवर साखळ्या आणि कुलपं. राज्याच्या पर्यावरण खात्याने ते थांबवायचा आदेश काढला, दररोजच्या मोठ्या दंडाची ताकीद दिली. आधार साधा होता: भरती-ओहोटीचा किनारा ही जनतेची ठेव आहे, तिच्यावर कुणा एकाला कुलूप लावता येत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात संस्थेने रविवार सकाळचा किनारा खुला केला.

संस्थेची बाजू मी हलकी समजत नाही. त्यांचं म्हणणं, ही जमीन आमच्या पूर्वजांनी स्वतःच्या पैशाने घेतली. इतर सहा दिवस आणि रविवारची दुपार आम्ही सगळ्यांना किनारा देतोच. आठवड्यातले तीन तास देवासाठी मागितले तर काय बिघडलं? एकेक खूण काढत गेलात तर उरेल ते फक्त समुद्रकाठचं महागडं गाव. ही भीती खरी आहे. मी तिथल्या घरांच्या जाहिराती पाहते तेव्हा ती मलाही वाटते. मेथडिस्ट शिक्षकाने, कारकुनाने उन्हाळ्यात दोन आठवडे कुटुंबासह यावं म्हणून वसवलेलं गाव आज त्याच माणसाला परवडत नाही.

पण मग साखळी चुकीच्या ठिकाणी होती. मैदानाला धोका वाळूत पाय बुडवून बसलेल्या माणसाचा नाही. रविवारी दहा वाजता पोहायला आलेलं एखादं पोरगं ऑर्गन ऐकून दारातून आत डोकावलं तर ऑस्बर्न यांना आनंदच झाला असता. केन रिजला लोक असेच तर आले होते, काही तमाशा बघायलाही. कॅम्प मीटिंग जन्माला आली ती चर्चची भिंत गैरसोयीची होती म्हणून. उघड्यावर भरलेल्या मेळ्याला कुंपण घालून त्याचं रक्षण करायचं, हे मला उलट्या दिशेने चालणं वाटतं. धोका आहे तो पैशाचा आणि रिकाम्या बाकांचा. उत्तर टोकाला जिथे एकेकाळी मोठं हॉटेल होतं त्या मोकळ्या जागेवर घरं बांधायच्या आराखड्यावरून गावात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तिथे संस्थेने ठामपणे म्हणावं की इथे साध्या मिळकतीच्या कुटुंबांना उन्हाळ्यात राहता येईल अशीच सोय होईल. जमीन तिची आहे, भाडेपट्ट्याच्या अटी तिच्या हातात आहेत. तंबूंसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आहे. त्यातले काही तंबू दरवर्षी पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी, आठवड्या-आठवड्याने राखून ठेवावेत. असं केलं तर कोणतंही न्यायालय आडवं येणार नाही. आणि ज्या सरकारी मदतीने पायवाट पुन्हा उभी राहिली, ज्या वारसा नोंदणीने घरं वाचली, तिचं देणं या मोकळेपणानेच फिटेल.

या सगळ्याचा आपल्याशीही एक धागा आहे. ओशन ग्रोव्ह वसवणारे विल्यम ऑस्बर्न पुढे मिशनरी होऊन भारतात आले. त्याआधी विल्यम टेलर या मेथडिस्ट उपदेशकाने मुंबईत मोठं काम उभं केलेलं होतं. पुढे लोणावळ्याच्या झाडीत कॅम्प मीटिंगा भरू लागल्या. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून रेल्वेने येता येई. पंडिता रमाबाई १८९०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या एका मेळ्याला गेल्या, बरोबर ख्रिस्ताचा स्वीकार केलेल्या शारदा सदनातल्या पंधरा मुली. एका पहाटे रमाबाई एकट्याच रानात गेल्या, सूर्य वर येताना पाहिला आणि प्रार्थना केली की या पंधराच्या पंधरापट होऊ देत, पुढच्या मेळ्यापर्यंत दोनशे पंचवीस मुली होऊ देत. थोड्याच काळात मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडून उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनची ती सुरुवातीची वर्षं. मराठी मुलखाच्या इतिहासात वजन असलेली ही पहाट एका कॅम्प मीटिंगच्या मैदानावर उजाडली.

लोणावळ्याला आपण चिक्की घ्यायला थांबतो, भुशी धरणावर जातो. ते रान नेमकं कुठे होतं, तंबू कुठे लागत, पाण्याची सोय कशी होती, मुंबई-पुण्याची मराठी ख्रिस्ती कुटुंबं तिथे शिधा घेऊन येत का, भजनं मराठीत होत का, हे आज किती जणांना सांगता येईल? चर्चच्या जुन्या नोंदवह्या, मिशनचे वार्षिक अहवाल, जमिनीचे उतारे एकत्र ठेवून वाचले तर जागा नकाशावर दाखवता येईल असं मला वाटतं. मुंबई-पुण्यातल्या, नगरमधल्या ख्रिस्ती घरांत पणजीच्या तोंडून ऐकलेलं काही असेल तर ते आत्ताच लिहून काढायला हवं. तिथे दगडी इमारत बांधा असं मी म्हणत नाही. मराठीत चार ओळींची एक पाटी लावावी, रमाबाईंच्या त्या पहाटेचा उल्लेख तिच्यावर असावा, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कुणालाही येऊन बसता येईल असा एक दिवस तिथे पाळावा. चार राहुट्या पुरतील. खुंट्या कशा ठोकायच्या ते आईला विचारता येईल.